थोडं थांबता आलं तर

९ जुलै

चि. टिंबास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

गेल्या शुक्रवारी छापखान्यातून सुटले. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्याबद्दल मला भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं, ते दिवसाला सात मिनिटं पुढे धावतं. मालकांनी छापील भाषण वाचून दाखवलं. त्यात तीन चुका होत्या. मी हातातल्या प्रतीवर पेन्सिलीने खुणा करून प्रत त्यांच्याकडे सरकवली, तर ते म्हणाले की मुद्रितशोधक बाई गेल्या की हे कोण करणार. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन कुलूप काढताना मात्र एकदम रडू आलं. का ते विचारू नकोस. किल्ली लागत नव्हती म्हणून असेल.

आता कामाचं. माझी सगळी साठलेली रक्कम एकदम हातात आली आहे, दहा लाखांवर. एवढे आकडे मी फक्त इतरांच्या ताळेबंदात तपासले होते. बातमी कशी फुटली कोण जाणे, पण लगेच टाय लावलेला एक गृहस्थ दारात हजर. मला कमी ऐकू येतं हे कुणीतरी त्याला सांगितलं असावं. तो इतक्या मोठ्याने बोलला की माझ्याकडे किती पैसे आहेत हे आता तिन्ही मजल्यांना ठाऊक झालं. खालच्या काकूंनी तर जिन्यात अभिनंदनच केलं. तो एक गुळगुळीत पुस्तिका ठेवून गेला आहे. मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं समुद्राकडे बघून हसतंय. कशाला हसतंय ते आत कुठेही लिहिलेलं नाही.

फंड म्हणजे नक्की काय, आणि हा माणूस फुकट का राबतोय, हे मला माझ्या भाषेत समजावून सांग. फोनवर विचारलं असतं, पण माझ्या कानांना फोन झेपत नाही. शिवाय बोललेलं तपासता येत नाही, लिहिलेलं येतं.

वेळेवर जेव. गोदामातल्या धुळीत तोंडाला रुमाल बांध. आहे ती माया आहे तशीच ठेव, एवढंच मागणं.

तुझी मावशी

२० जुलै

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

घड्याळ पुढे धावतंय ते बरंच आहे, तू तरी वेळेवर जेवशील.

मी काही तज्ज्ञ नाही. गोदामाच्या पगार विभागात बसतो, लोकांच्या पगारातून कर कापतो, आणि त्यांच्या शिव्या खाता खाता जे कळलं तेवढंच सांगतो. समज, तुमच्या गल्लीतल्या हजार लोकांनी पैसे एकत्र केले आणि एका जाणत्या माणसाला सांगितलं की शंभर कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घे. एक कंपनी बुडाली तरी बाकीच्या तारतात. ज्याने जेवढे दिले तेवढे त्याचे हिस्से. हिश्शाचा भाव रोज ठरतो, कधी वर कधी खाली. फंड तो एवढाच.

पण त्या जाणत्या माणसाचा पगार, कचेरीचं भाडं, पुस्तिकेतलं हसणारं जोडपं, हे सगळं त्याच पैशातून जातं. त्याचं बिल तुला कधी येत नाही. दरवर्षी ठरावीक टक्के, पण रोज कणाकणाने, हिश्शाच्या भावातूनच कापले जातात. फायदा झाला तरी कापतात, तोटा झाला तरी कापतात. टायवाला फुकट राबत नाही. त्याच्यामार्फत घेतलंस तर वर्षाला दोन टक्के जातील, त्यातला बराच भाग त्याचा, आणि तोही दरवर्षी. थेट कंपनीच्या कचेरीत जाऊन तोच फंड घेतलास तर पाऊण टक्क्याच्या आसपास. नऊ लाखांवर वर्षाला अकरा हजारांचा फरक पडतो. एका वर्षाचा दिसायला लहान, वीस वर्षांत त्याचा डोंगर होतो.

दोन गोष्टी पाळ. लाखभर तरी बँकेत बाजूला ठेव, दुखण्याखुपण्याला. आणि जे फंडात घालशील त्याच्याकडे पाच-सात वर्षं बघू नकोस.

थंडीत रजा काढून येतो. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा टिंब

१४ ऑगस्ट

चि. टिंबास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

काम फत्ते. सहा तारखेला कचेरीत जाऊन नऊ लाख थेट भरून आले. काउंटरवरच्या बाईने विचारलं की एजंटचं नाव काय लिहू. मी म्हटलं, रेघ मारा. तिने मारली. इतकी महागाची रेघ मी आयुष्यात मारून घेतली नव्हती.

टायवाला पुन्हा आला होता. थेट घेतलं हे ऐकून त्याचा आवाज इतका खाली गेला की मला काही ऐकूच आलं नाही.

त्यांनी बारीक अक्षरातलं एक माहितीपत्रक दिलं, शेहेचाळीस पानांचं. बाईंनी सांगितलं की हे कुणी वाचत नाही. त्यांना काय कल्पना! मी पेन्सिल घेऊन तीन दिवस बसले. पान अकरावर ‘गुंतवणूकदार’ मधला ऊकार ऱ्हस्व आहे आणि पान तीसवर एक ओळ दोनदा पडली आहे. कंपनीला पत्र टाकलंय.

पण खरंच सांगते, वाचताना मजा आली. पान एकोणीसवर आहे की वर्षाच्या आत पैसे काढले तर एक टक्का कापून घेतील, आणि वर्षाच्या आतल्या नफ्यावर करही दुप्पट दराने. वर्ष झालं की कापाकापी नाही आणि कर अर्ध्यावर. म्हणजे पुढच्या सहा ऑगस्टपर्यंत मी शहाण्यासारखं वागायचं. तारखेवर लाल खूण करून ठेवली आहे. माझ्यामागे ही रक्कम कुणाला द्यायची त्या रकान्यात तुझं नाव घातलंय. तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि माझ्या घरात एकच उशी होती. तेव्हापासून दुसरं कुठलं नाव मला सुचलेलंच नाही. उगाच हळवा होऊ नकोस, रकाना भरायचा होता म्हणून भरला.

लवकर ये. जीव लावत राहा, त्याला काही कापून घेत नाहीत.

तुझी मावशी

२६ नोव्हेंबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

बाजार गडगडल्याच्या बातम्या वाचून घाबरली नसशील ना? भाव खाली आलाय, पण तुझे हिस्से तेवढेच आहेत. विकले नाहीत तोवर तोटा कागदावरच. माझेही पडलेत. आम्ही जेवणाच्या सुट्टीत एकमेकांचं सांत्वन करतो आणि पुन्हा पेट्या मोजायला लागतो.

थंडीत येणं जमेलसं दिसत नाही. वर्षअखेरची मोजणी आहे, साहेब रजेचं नाव काढू देत नाहीत. रागावू नकोस. उन्हाळ्यात नक्की.

काळजी घे. तुझ्या पत्राची वाट बघतो, ते येईपर्यंत माया राखून ठेव.

टिंब

३ मे

चि. टिंबास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. हस्ताक्षर जरा हललंय, ते टेबलाचा पाय लंगडतोय म्हणून. तुझा बाजार सावरला बघ. परवा पत्रक आलं, नऊचे दहा झालेत. भाव पडला तेव्हाही मी पाहिलं नव्हतं आणि आताही पाहणार नव्हते, पण पाकीट उघडलं तर दिसणारच.

बाकी इथे गच्चीची दुरुस्ती निघाली. प्रत्येक घराला भरपूर भरावे लागले, त्यात तू बाजूला ठेवायला लावलेले पैसे बरेचसे संपले. गच्ची मात्र आता गळत नाही. तिसरा मजला हल्ली उंच झालाय असं वाटतं. दुसऱ्या मजल्यावर जरा थांबून लोकांच्या पाट्या वाचते. एका पाटीत वेलांटी चुकली आहे, त्या निमित्ताने श्वास घेऊन होतो.

एक विचारायचं होतं. खालच्या काकूंचं आहे. त्यांनीही माझं बघून थेट फंड घेतला, जवळपास माझ्याच सुमाराला. आता त्यांना डॉक्टरांनी छातीचं एक छोटं ऑपरेशन सांगितलंय. खर्च तीन लाख. सरकारी इस्पितळात चार महिन्यांची यादी आहे, म्हणून खाजगीत करायचं. पैसे सगळे फंडात. वर्ष व्हायला तीन महिने आहेत. आता काढले तर नेमकं किती जाईल, आणि थांबले तर किती वाचेल, एवढं मांडून पाठव. त्यांना आकडेमोडीचा कंटाळा आहे, बिचाऱ्या चाळीस वर्षं नर्स होत्या.

सवडीने लिही, पण फार सवडीने नको. लोभ आहेच, तो पत्राबरोबर पाठवत जा.

तुझी मावशी

१२ मे

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

पगाराचा आठवडा आहे, म्हणून घाईत लिहितो.

काकूंचं सोपं आहे. आज तीन लाख काढले तर एक टक्का म्हणजे तीन हजार कापले जातील. तीन लाखांतला नफा अंदाजे तीस हजार धरू. त्यावर आत्ता वीस टक्के कर, सहा हजार. वर्ष उलटल्यावर दहा टक्के, तीन हजार. म्हणजे सगळं मिळून सहा हजारांचा फरक. अगदीच निकड नसेल तर, थोडं थांबता आलं तर थांबावं. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, उगाच सरकारला आणि कंपनीला कशाला द्यायचे? त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझ्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घाल. उन्हाळ्यात यायचं म्हणत होतो, पण आता जूनमध्ये दुसऱ्या गोदामाची मोजणी लागली आहे. जुलैत बघू.

मायेत खंड नको.

टिंब

२२ मे

चि. टिंबास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं उत्तर मिळालं. असं नीट मांडलेलं गणित वाचलं की बरं वाटतं, एकही खाडाखोड नाही. निरोप पोचवला. काकू थांबते म्हणाल्या. त्यांना ऑपरेशनची तशीही घाई नव्हती, उलट हायसं वाटलं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

इथे ऊन फार आहे. मी दुपारची खिडकीशी बसून असते. रस्त्यावरची माणसं बघते, एकालाही दुरुस्त करावंसं वाटत नाही, यालाच विश्रांती म्हणत असतील. तू जुलैत ये म्हणजे आलास. तुझ्यासाठी जाडजूड उशी आणून ठेवली आहे.

पत्र लहान आहे, आशीर्वाद लहान नाहीत.

तुझी मावशी

१५ जून

ती. काकूंस,

सा. न. वि. वि.

मी वरच्या मजल्यावरच्या मावशीचा भाचा, टिंब. लहानपणी तुमच्या खिडकीची काच मीच फोडली होती. तुमच्या छातीच्या ऑपरेशनबद्दल मावशीने लिहिलं होतं, तेव्हापासून विचारायचं राहून गेलं. आता तब्येत कशी आहे? मी हिशेब सांगितला खरा, पण नंतर वाटलं की डॉक्टर काय म्हणाले ते विचारायला हवं होतं. दुखणं वाढत असेल तर सहा हजारांकडे बघू नका. फॉर्म भरून दिला की तीन-चार दिवसांत पैसे खात्यात येतात.

मावशीकडे लक्ष असू द्या. तिची पत्रं अलीकडे लहान झाली आहेत. मी उद्यापासून आठवडाभरासाठी दुसऱ्या गोदामाच्या मोजणीला जाणार आहे, कदाचित जास्तही लागेल. पत्र कचेरीच्या पत्त्यावरच टाका.

तुमचा स्नेह मावशीला आहेच, थोडा माझ्याही वाट्याला यावा.

टिंब

२० जून

चि. टिंबास,

आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं आणि मी खुर्चीत बसून तीनदा वाचलं. बाळा, मला काही झालेलं नाही. माझ्याकडे कसला फंडही नाही, माझं सगळं पोस्टात आहे. ऑपरेशन तुझ्या मावशीचं आहे.

हृदयाच्या दोन नळ्या अरुंद झाल्या आहेत. एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की महिन्याभरात करून घ्या. मला ती काहीच बोलली नव्हती. एक जूनला जिन्यात बसलेली सापडली, ओठ निळसर, हातात पावाची पिशवी. मग वर नेल्यावर कागद दाखवले. मी भांडले. ती म्हणाली की टिंबाला विचारलंय, तो थांब म्हणतोय, सहा ऑगस्टला पैसे काढीन आणि हातात आले की इस्पितळात जाऊन झोपेन. मी म्हटलं, माझ्याकडचे घे. तर म्हणाली की स्वतःचे असताना उसने कशाला. तुला कळवते म्हटलं तर तिने माझा हात धरून शब्द घेतला की तोंडातून एक अक्षर काढणार नाही. तुला काळजी लावायची नाही, रजेवरून तुझे आधीच हाल.

तोंडातून काढत नाही, लिहिते आहे. शब्द मोडला तर मोडला. जसा असशील तसा ये. ती तुझंच ऐकेल. फॉर्म तिच्या कपाटात कोरा आहे, तू समोर बसून सही घे.

लवकर ये. बाकी मायेचं नंतर बोलू.

खालच्या काकू

१२ ऑगस्ट

ती. काकूंस,

सा. न. वि. वि.

घरून परतल्यापासून तुम्हाला लिहायला बसतो आणि उठतो. आज लिहितोच.

तुमचं वीस तारखेचं पत्र मी वाचलं ते तीस जूनला. ते चोवीसला माझ्या टेबलावर येऊन पडलं होतं, वर शिपायाने पेन्सिलीने ‘मोजणीवर’ असं लिहिलं होतं. पंचवीसला तुमचा फोन कचेरीत आला, तिथून दुसऱ्या गोदामात निरोप आला, आणि मी आलो तेव्हा मावशीला पांढऱ्या चादरीखाली ठेवलेलं होतं. हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्यानंतरचे चार दिवस मी तुमच्याच घरात तुमच्या हातचं जेवत होतो आणि पत्रात काय होतं ते तुम्ही सांगितलं नाहीत. मला वाटत होतं की सगळं अचानक झालं. तुम्ही मला दोनदा विचारलंत की माझं पत्र मिळालं का. मी नाही म्हटलं, आणि तुम्ही ताटात आणखी वाढलंत. परत आल्यावर पाकीट फोडलं. मग दोन दिवस मी कामावर गेलो नाही.

फंडाच्या तिथल्या कचेरीत मागच्या महिन्यात जाऊन आलो, तुमच्या दारापर्यंत यायला मात्र धजावलो नाही. काउंटरवरच्या बाईंना मावशी आठवत होती. पान अकरावरचा ऊकार त्यांनी नव्या छपाईत सुधारलाय, प्रत काढून दाखवली. मी मृत्यूचा दाखला दिला, माझे कागद दिले. कापाकापी किती होईल असं विचारलं, कारण दुसरं काय विचारावं ते सुचेना. त्या म्हणाल्या की धारक गेल्यावर हिस्से नुसते वारसाच्या नावावर होतात, त्याला विक्री म्हणत नाहीत. एक टक्का नाही, कर नाही, काही नाही. मावशीची तारीखही तशीच पुढे माझ्या नावावर चालते. सहा ऑगस्टला मी पगारपत्रकं तपासत होतो. दुपारी कधीतरी लक्षात आलं की वर्ष पूर्ण झालं.

तिच्या कपाटातला फंडाच्या कागदांचा गठ्ठा मी बरोबर आणला होता. इथे सोडला तेव्हा कोऱ्या फॉर्मखाली एक कागद सापडला, जुन्या प्रुफाची मागची बाजू. माझंच गणित तिने स्वच्छ अक्षरात उतरवलं होतं. तीन हजार, सहा हजार, तीन हजार, खाली बेरीज-वजाबाकी, आणि सहा हजारांखाली दोन रेघा. त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘टिंब म्हणतो थांब.’ मी ‘अगदीच निकड नसेल तर’ असंही लिहिलं होतं, काकू. तो भाग तिने उतरवला नाही. आयुष्यभरात तिने कुणाचा एक शब्द गाळला नाही, आणि माझे चार गाळले.

फंड कसा चालतो, त्याला किती लागतं, सरकार किती घेतं, सगळं मी तिला सांगितलं. हे पैसे कशासाठी असतात एवढं सांगायचं राहिलं. आणि ती कुणासाठी विचारतेय, हे विचारायचं राहिलं. छातीचं ऑपरेशन असं वाचूनही मी तीन हजार अधिक तीन हजार करत बसलो. लंगड्या टेबलाखाली पुठ्ठा घाल म्हणून लिहिलं. तुमच्याकडे असताना मी ते टेबल हलवून पाहिलं. चारही पाय नीट आहेत.

रक्कम माझ्या नावावर झाल्याचं पत्र काल आलं. मी ते उघडून पुन्हा पाकिटात घातलं. हे पैसे मी घेऊ शकत नाही. काय करू ते सांगा. आणि खरं सांगा, माझ्या त्या एका वाक्याने ती गेली का? बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

माझ्यावर पूर्वीचा स्नेह राहिला असेल, तर त्यातला थोडा अजून ठेवा.

टिंब

२१ ऑगस्ट

चि. टिंबास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

बरं वाटावं म्हणून लिहिणार नाही. तुझी काही चूक नाही असं लिहायला बसले होते आणि कागद फाडला. चूक आहे. छातीचं दुखणं वाचल्यावर माणसाने आकडे बाजूला ठेवायला हवे होते. पण तू पगार विभागात बसतोस, तुला कागद दिसला. मी तर चाळीस वर्षं हृदयाच्याच वॉर्डात काढली. ती दुसऱ्या मजल्यावर पाट्या वाचत उभी राहायची, ते मी फेब्रुवारीपासून बघत होते. मी तिला म्हणत होते की तुझं वजन वाढलंय.

आणि कळल्यावरही मी एकोणीस दिवस गप्प बसले. त्यानंतर पत्र लिहिलं. तुला फोन करता आला असता, कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आहे. तोंडातून अक्षर काढणार नाही म्हणून शब्द दिला होता, तर लिहून पळवाट काढली आणि स्वतःवर खूश झाले. पाकिटाला तिकीट लावताना मी हसले होते, टिंबा. ते पाकीट चार दिवस प्रवासात आणि मग तुझ्या टेबलावर. पंचवीसला दुपारी ती खिडकीशी बसल्या बसल्या गेली तेव्हा मी खाली कपडे वाळत घालत होते. तू जेवत असताना मी गप्प का राहिले ते आता कळलं असेल. तुला सांगायची हिंमत झाली नाही.

आता जे तुला ठाऊक नाही ते सांगते. तिला भीती वाटत होती. एप्रिलमध्ये डॉक्टरांकडून आली ती थेट घरी आली नाही, बागेत बाकावर तीन तास बसली होती, तिने मला नंतर सांगितलं. टेबलावर झोपवून छाती उघडतील या कल्पनेनेच ती घाबरायची. भीती वाटते असं तोंडाने म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. तुला सात वर्षांचा घरी आणला तेव्हापासून तिने ते वाक्य कधी वापरलंच नसेल. मग तिला पान एकोणीस आठवलं. मी घाबरलेय असं म्हणण्यापेक्षा मी सहा हजार वाचवतेय असं म्हणणं तिला शोभून दिसलं. तू लगेच काढ म्हणाला असतास तर कदाचित तिने काढलेही असते. कदाचित दुसरं पान शोधलं असतं. मला माहीत नाही. तुलाही कधी कळणार नाही, आणि ते न कळणं बरोबर घेऊनच आपल्याला राहायचंय.

पैशाचं म्हणशील, तर घे. तू नाही घेतलेस तर ते कचेरीत तसेच पडून राहतील आणि रोज कणाकणाने कापले जातील, हे तूच तिला लिहिलं होतंस, तिने मला वाचून दाखवलं होतं. लगेच काही करू नकोस. आधी लाखभर बाजूला काढ आणि स्वतःची सगळी तपासणी करून घे. तिची बहीण, म्हणजे तुझी आई, कशाने गेली ते तू लहान होतास म्हणून तुला नीट सांगितलं नव्हतं. तीही छातीनेच गेली. हा सल्ला नाही, नर्सचा हुकूम आहे. तारीख ठरली की कळव, आणि या वेळी मी फोन करून खात्री करणार आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर मला एवढंच देता येतं. चूक तुझी थोडी, माझी थोडी, आणि सगळ्यात मोठी तिची स्वतःची. गेलेल्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून आपण दोघं आपापल्या घरी बसून स्वतःवर रागावतोय. मी काल ठरवलं की पुरे. किल्ली घेऊन वर गेले, खिडक्या लावून घेतल्या आणि तिला चांगली खडसावली. एवढी शिकलेली, एवढी शहाणी, आणि मला एक हाक मारता आली नाही तुला, असं बरंच काही. ओरडून ओरडून घसा बसला. मग तिथेच जमिनीवर बसून रडले, आणि खाली येऊन पहिल्यांदा पोटभर जेवले.

येत्या शनिवारी तू ये. किल्ली माझ्याकडे आहे. तू वर जा, दार लावून घे, तुला जे बोलायचंय ते बोल, मोठ्याने बोल. मी खाली स्वयंपाक करून थांबते. तुझा आवाज थांबला की ताट वाढीन.

माझ्याजवळ जी माया उरली आहे ती तुझीच आहे, येऊन घेऊन जा.

खालच्या काकू